दोनदा ओरडून सांगितलेला नंबर

...आणि मला म्हणे गप्प बसा! मला? तुम्हाला सांगतो, उभा जन्म बातमीदारी केलीय मी, मंत्र्यांसमोर कधी गप्प बसलो नाही, आणि आता नोएडात आमच्याच सोसायटीच्या लिफ्टमध्ये मान खाली घालून उभा असतो... कशामुळे? तर चकल्यांमुळे!

चकल्या नीलाच्या, म्हणजे आमच्या बायकोच्या. दिवाळीचा फराळ इंटरनेटवर विकायचा, पैसे कार्डावर घ्यायचे, असं तिनं ठरवलं. पहिलाच हंगाम, घरात भाजणीची पोती, मदतीला ठेवलेल्या दोन बायका... सगळी हौस तिची, आणि बँकेशी बोलणार कोण? मी! बँकेचा हितेश आला, म्हणाला, "सर, दोन रस्ते आहेत. गिऱ्हाईक वेबसाइटवरच नंबर टाकेल, तुम्हाला दिसणारसुद्धा नाही. नाहीतर तुम्ही फोनवर नंबर विचारून घ्या आणि मशीनमध्ये भरा."

दिसणारसुद्धा नाही? अहो, स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय एक ओळ छापली नाही मी! नीला म्हणाली, "अहो, पहिलंच बरं वाटतंय." म्हटलं, फोन! उभा जन्म बातमीदारी केलीय मी!

पहिला फोन दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या कमलाबाईंचा. बिचाऱ्या हळू आवाजात एकेक आकडा सांगतायत, आणि मी मोबाइलला रेंज मिळावी म्हणून बाल्कनीत! आता ट्रंककॉलवर बातम्या देण्यात हयात गेलेली, प्रत्येक शब्द दोनदा ओरडायची सवय, ती काय सुटते? "चार! चार! पुढे? सात! सात! बरोबर?"... तर खालून इस्त्रीवाला अशोक, इस्त्री बाजूला ठेवून, अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असं, "बाबूजी, सात के बाद दो बोला या नौ?"

कमलाबाईंनी ऐकलं हो! "भाऊ," म्हणाल्या, "चकल्या राहू द्या. आधी बँकेला सांगून कार्ड बंद करते."

संध्याकाळपर्यंत त्यांच्या महिला मंडळातल्या यच्चयावत बायकांनी ऑर्डरी मागे घेतल्या. नीला भांडली असती तर बरं झालं असतं, भांडण मला येतं! ती नुसती भरलेल्या डब्यांना झाकणं लावत बसली... काय सांगू, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हितेशला मीच फोन केला. घरातून, हळू आवाजात. पहिला रस्ता, म्हटलं. नीला म्हणाली, "आता तुम्ही गप्प बसा, आणि लोकांना विश्वास वाटेल अशी एक ओळ लिहा वेबसाइटवर. तेवढं तरी येतं ना?" लिहिली. "पैसे भरताना आमच्या घरातलं कोणीही तुमच्याशी बोलणार नाही."

त्यानंतरची पहिली ऑर्डर कमलाबाईंचीच, नव्या कार्डावर!

उभा जन्म बातमीदारी केली मी... छापल्यावर कोणाचाही खुलासा, इन्कार न आलेली बातमी ही एकच, ही एक ओळ.