सूर सोडायचा नाही

...आणि वर टाळ्या वाजवायच्या नाहीत! हे लोकांना दारातच सांगून ठेवलेलं असतं. म्हणजे दोन तास तुम्ही जीव तोडून वाजवा, घसा फाटेस्तोवर गा, आणि शेवटी पदरात काय, तर शांतता! समोर चाळीस माणसं डोळे मिटून बसलेली, त्यातली दहा ध्यानात, पंधरा झोपेत, आणि उरलेली चुकून आलेली, खाली ग्रंथालयात पुस्तक बदलायला आली होती बिचारी... आता उठायचं कसं म्हणून बसलेली.

तुम्हाला सांगतो, आमचा हा ताफा जगभरच्या लोकसंगीताचा. आध्यात्मिक बरं का! 'आध्यात्मिक' हा शब्द राहिला की बाई चिडतात. बाई म्हणजे आमच्या प्रमुख, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षं मुलांकडून नकाशे भरून घेतले, आता आमच्याकडून. प्रत्येक गाण्याआधी तो देश कुठं, नद्या कुठल्या, पिकं कुठली... एकदा तर एका अंगाईच्या आधी तिथलं सरासरी पर्जन्यमान सांगितलं हो! बाळ झोपलं असेल तेवढ्यातच.

मी यात पडलो कसा? मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. बाईंच्या इमारतीत लिफ्ट अडकली, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये, आत बाई. मी बाहेरून पाना चालवतोय आणि तोंडानं एकच, 'घाबरू नका, घाबरू नका, घाबरू नका', वीस मिनिटं. दार उघडलं, बाई बाहेर आल्या, आणि आभार वगैरे काही नाही, म्हणाल्या, "अहो, तुमचा सूर जराही हलत नाही!" झालं. दुसऱ्या रविवारी माझ्या मांडीवर सूरपेटी. भाता हलवायचा आणि एक सूर धरून ठेवायचा. एकच. गाणं वाळवंटातलं असो नाहीतर बर्फातलं, आपला सूर तोच. एकोणीस वर्षं! आणि बाईंचा नियमही एकच, बोट वर करून सांगायच्या, "काहीही होऊ दे, आभाळ कोसळू दे, पण सूर सोडायचा नाही!"

बाकी सगळ्यांनी डोळे मिटून वाजवायचं. मी नाही. मी पहिल्याच महिन्यात डोळे मिटले आणि घोरलो. घोरणं सुरात होतं असं म्हणतात, पण पेटी पडली ना पायावर! तेव्हापासून बाईंनी मला सूट दिली. "तुम्ही उघडेच ठेवा. तुमचा मार्ग अजून बाहेरचा आहे." बाकीचे माझ्याकडे असे बघायचे, नापास झालेल्या पोराकडे पाहुण्यांनी बघावं तसे. म्हणून मग मी काय करणार? समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघायचं, आणि साडूभाऊंकडे बघायचं.

साडूभाऊ म्हणजे माझे सख्खे साडू हो, बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. टपालखात्यात होते. आयुष्यभर जिने चढून चढून छाती अशी भात्यासारखी झालेली. निवृत्त झाले आणि घरी बसून ताईंचा म्हणजे माझ्या मेहुणीचा जीव नकोसा करून सोडला. डब्यांवर चिठ्ठ्या लाव, मसाल्यांचे पत्ते बदल... ताईंनीच मला गळ घातली, "अहो, यांना कुठंतरी घेऊन जा, तुमच्या पाया पडते!" मी आणलं. मीच आणलं. बाईंनी हातात कुठल्याशा डोंगरातली जाड बासरी दिली, आणि हा माणूस काय वाजवायला लागला राव! मला त्यातलं काही कळत नाही, पण अंगावर काटा यायचा. मी घड्याळ बघायचं विसरायचो.

आता मधली एक भानगड सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्यात एक बँकेतल्या बाई आहेत, त्या गातात. ज्या रविवारचं सांगणार आहे, त्याच्या महिनाभर आधी गाता गाता त्या थरथरायला लागल्या आणि धाडकन आडव्या. आता माझे डोळे उघडे! मी पेटी टाकली, धावलो, आणि अख्खा तांब्या तोंडावर ओतला त्यांच्या. अहो, काय किंचाळल्या! "मी दाराशी पोचले होते! दाराशी! यांनी मला मागं ओढलं!" बाई तर पांढऱ्याफटक. "तुम्हाला तिथं देह दिसला. आम्हाला प्रवास दिसत होता. आणि तुम्ही सूर सोडलात!" एकेकासमोर उभं राहून माफी मागायला लावली मला, या वयात! घरी येताना साडूभाऊ पोट धरून हसत होते. "तुम्ही लिफ्टवाले ते लिफ्टवालेच! कोणी कुठं अडकलं की निघाले पाना घेऊन." मी चिडलो. म्हटलं, जाऊ दे ना, मरा तिकडं, यापुढं कोणी उलटं टांगून घेतलं तरी बघणार नाही. सूर सोडायचा नाही ना? नाही सोडत!

बोलून गेलो.

तर तो रविवार. संध्याकाळचे पाच, ग्रंथालयाच्या वरचा हॉल, त्याच घडीच्या खुर्च्या. साडूभाऊ येताना म्हणालेच होते, "छातीत जरा जड वाटतंय, वांगं बाधलं बहुतेक." मी म्हटलं, "मग घरी बसा." तर म्हणाले, "घरी बसलो तर तुमच्या ताई चिठ्ठी लावतील मलाच." आले. नावाड्यांचं गाणं होतं, कुठल्याशा बेटावरचं. बाईंनी भरती-ओहोटी समजावून सांगितली, सगळ्यांनी डोळे मिटले, मी भाता हलवायला लागलो.

पाच बावीसला बासरी थांबली. वेळ मला पक्की माहीत आहे, दुसरं कामच काय होतं मला? मी बघितलं. बासरी ओठांवरून घसरून मांडीवर आली होती. एक हात छातीवर. मान मागं भिंतीला. आणि चेहऱ्यावर... आता तुम्हीच सांगा, हसू आणि वेदना यातला फरक एवढ्या लांबून कळतो का हो? मला वाटलं, पोचले! दाराशी पोचले साडूभाऊ! तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले. सगळ्या हॉलमध्ये दोनच माणसांचे डोळे उघडे, त्यांचे आणि माझे. सरळ माझ्याकडे बघितलं. ओठ हलवले, काहीतरी म्हणाले, आवाज नाही. आणि मी काय केलं माहीत आहे?

मी मान डोलावली. 'वा!' अशी. दाद दिली हो मी त्यांना!

मग त्यांनी डोळे मिटले. पाच तेवीस, पाच चोवीस... मला आत कुठंतरी ठोके पडत होते, ऊठ, ऊठ लेका. लिफ्टमध्ये माणूस अडकला तर जेवणाच्या ताटावरून उठलेला माणूस आहे मी! पण डोक्यात बँकेतल्या बाईंची किंकाळी, आणि बाईंचं बोट. सूर सोडायचा नाही. हात आपले चाललेत, भाता आत, भाता बाहेर. पाच सव्वीस. पाच सत्तावीस. अठ्ठावीसला बाईंनी गाणं संपल्याची घंटी वाजवली, डोळे उघडले, साडूभाऊंकडे बघितलं, आणि हात जोडून कुजबुजल्या, "पाहा... कुठं पोचलेत पाहा!" आणि चाळीस माणसं आणखी दोन मिनिटं गप्प! टाळ्या वाजवायच्या नाहीत ना! शेवटी बँकेतल्या बाईंनी श्रद्धेनं त्यांच्या हाताला हात लावला, आणि किंचाळल्या. या वेळी पाणी सगळ्यांनीच आणलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ झाला होता?" मी म्हटलं, "कल्पना नाही." ते म्हणाले, "पाच-सात मिनिटं आधी आणलं असतं तर..." आणि पुढचं नाही बोलले. चांगला माणूस. पण माझं गणित बरं आहे हो.

आठ दिवसांनी सगळे ताईंच्या घरी जमलो. डब्यांवर साडूभाऊंच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या तशाच. बाई म्हणाल्या, "असं जाणं भाग्यवंतालाच मिळतं, सुरात गेले." सगळ्यांनी माना हलवल्या. ताईंनी चहा ओतला. मग चहाचा कप माझ्या हातात देताना हळूच म्हणाल्या, "तुमचे डोळे उघडे असतात ना हो? यांना शेवटी त्रास झाला का? खरं सांगा. तुम्ही बघत होतात ना?"

 माझी बायको बघतेय, बाई बघतायत. मी म्हटलं, "नाही ताई. त्या दिवशी... माझेसुद्धा डोळे मिटले होते."

बाई ताडकन उठल्या. डोळ्यांत पाणी! "मिटले? तुमचे? आपोआप?" माझ्या डोक्यावर हात ठेवला हो त्यांनी! बँकेतल्या बाई म्हणाल्या, "बघा, जाता जाता तेच यांना घेऊन गेले दाराशी!" आणि ताई... ताईंनी पदरानं तोंड पुसलं, सुटकेचा निःश्वास टाकला, म्हणाल्या, "मला वाटलंच. तुम्ही बघितलं असतंत, तर तुम्ही बसून राहणारे नव्हेच. तुम्ही धावला असतात."

मी म्हटलं, "हो ताई."

दुसरं काय म्हणणार? उभ्या आयुष्यात माझ्या बोलण्यावर सगळ्यांचा एकदम विश्वास बसला, तो हा एकदाच.