गाठ लपवाची नाई

मी ढिवराची लेक, ताई. चिमूरकडच्या एका लहानशा गावात जन्मली, तलावाच्या पाळीखालीच आमचं घर होतं, बाप जाळं विणे, माय मासोळ्या विके, अन् आम्ही तिघी बहिणी मायच्या मागं मागं पाट्या डोक्यावर घेऊन, आज हे गाव तं उद्या ते गाव. शाळा म्हणाल तं चवथीलोक. मंग लगन झालं अन् या गावात आली, तं इथीबी तलाव, इथीबी जाळं, फकत सासू नवी. हसू नोका, खरं सांगून राह्यली.

आता मासोळ्या विकणाऱ्या बाईले कोणी समोरच्या दारानं घेत नाई, वास येते म्हणून. आपण मागून जाचं, सांदवाडीतून. तुम्ही माही गोष्ट ऐकाले शहरातून आल्या, तुम्हाले सांदवाडी माहीत नसन, घरामागची जागा असते ती, तिथी न्हाणी असते, भाजीचे वेल असतात, बाया भांडे घासत बसल्या असतात. समोर माणसांचं राज अन् मागं बायांचं. म्या तीस वर्षं चार गावांच्या सांदवाड्या तुडवल्या, कोणाची सून रडते, कोणाच्या पोरीचं जमून राह्यलं, सगळं मले मालूम. बाया मासोळी घेता घेता बोलतात ना. पण एक गोष्ट कोणीच बोले नाई, अन् ती गोष्ट माह्याच घरात होती तं मलेच दिसली नाई.

माही मोठी जाऊ, पारबताबाई. सासू गेल्यावर तिनंच मले सांभाळलं, माहे दोन्ही बाळंतपण तिनं केले. आम्ही दोघी रोज तलावाच्या घाटावर आंघोळीले संगं जाऊ, अन् ती काय करे, माह्याकडे पाठ करून बसे. पैले अशी बसत नव्हती. मले वाटे वय झालं, लाजत असन. म्या एक डाव विचारलंबी, काऊन बाई, आताशी एवढी लाज काऊन आली तुले? तं ती हसली अन् म्हणे, तू आपली पाठ घास. दोन वर्षं तिनं पाठच दाखवली मले. छातीत गाठ होती. दुखत नव्हती म्हणून ती म्हणे दुखतच नाई तं बिमारी कशाची. मंग कातडी ओढल्यावाणी झाली, संत्र्याच्या सालीवाणी, तरी ती कोणाले बोल्ली नाई, कोण्या भगताकडून पाला आणून बांधे. जखम फुटली अन् वास सुटला तेवा घरात समजलं. नागपूरले नेलं तं डॉक्टर म्हणे, बाई, लय उशीर केला.

जाच्या आधी मले म्हणे, वच्छला, सांगू कोणाले वं? घरात सगळे माणसंच. म्या म्हटलं, अन् मी कोण होती? तिनं माहा हात धरून ठेवला. तो प्रश्न अजून माह्या छातीवर आहे, ताई. मी कोण होती.

अन् आता जे सांगते त्याची मले लाज वाटते पण सांगाले पायजे. पारबताबाईले जाऊन दोन वर्षं झाले असन, एक दिवस आंघोळ करता करता माह्या हाताले डाव्या बाजूनं काही लागलं. बोरीच्या बोराएवढं. टणक. दाबलं तं सरकत नाई, दुखत नाई. एवढं सगळं डोळ्यानं पाह्यलेली बाई मी, तुम्हाले वाटन त्याच पावली दवाखान्यात गेली असन. नाई गेली. महिनाभर लपवलं म्या. रोज वाटे आज नसन, रोज हात लावून पाहू, रोज आहेच. पोरीचं लगन ठरून राह्यलं होतं, मले वाटे आता कुठी काढते हे, लोक म्हणतीन यांच्या घरातच हे आहे.

एक दिवस आमचे हे पाळीवर जाळं दुरुस्त करत बसले होते. कमी बोलणारा माणूस आहे, दिवसाले दहा शबद बोल्ला तं लय झालं. मी बाजूले बसली अन् एकदम निंगून गेलं तोंडातून, म्हटलं, मलेबी गाठ आहे. पारबताबाईसारखी. त्याहिनं सुई थांबवली. माह्याकडे पाह्यलं नाई, तलावाकडेच पाह्यलं. मंग जाळं गुंडाळून ठेवलं अन् म्हणे, चाल. म्या म्हटलं, कुठी? म्हणे, नागपूरले. म्या म्हटलं, पोरीचं लगन होऊन जाऊ द्या ना. तं म्हणे, लगनात माय लागते. बस, एवढंच. त्याच दिवशी दुपारच्या यस्टीनं गेलो आम्ही.

नागपूरचं काय काय सांगू तुम्हाले. सुई घालून तुकडा काढला, मंग ऑपरेशन केलं, मंग किमो. तिथी धरमशाळेत राहू आम्ही, हे खिचडी शिजवत अन् मी उलट्या करत. किमोनं केस गेले. कंबरेएवढे केस होते माहे, मुठीत धरले तं मुठीतच आले. पण डॉक्टरीण बाई चांगली होती, मले म्हणे, मावशी, तुम्ही लवकर आल्या म्हणून तुमच्या डोळ्यात पाहून मी बोलून राह्यली, उशिरा येणाऱ्या बायांच्या डोळ्यात मले पाहता येत नाई. तेवा मले पारबताबाई आठवली अन् मी लय रडली. मशिनीचे शेकबी झाले, रेडिएशन म्हणतात ते, सगळं झालं, तब्येत जरा धरली, अन् पोरीच्या लगनात डोक्यावर पदर घेऊन उभी राह्यली मी. माय होती लगनात.

मंग पाटी घेऊन निंगाली तं कोणी मासोळ्याच घेईना. लीलाबाई म्हणून आहे, धानाची शेती आहे त्यायची, माहं रोजचं पैलं गिऱ्हाईक, वीस वर्षांचं. तिच्या सांदवाडीत उभी राह्यली, आवाज देल्ला, तं आतूनच म्हणे, आज नोको वच्छला. दुसऱ्या दिवशी आज नोको. मंग तिची शेजारीणच बोल्ली, तुही बिमारी मासोळीतून लागते म्हणतात ना. ऐकून राह्यल्या ना, ताई? अशी बिमारी शिवल्यानं लागत नाई, डॉक्टरीण बाईनं मले दहा डाव सांगितलं होतं, पण माहं ऐकणार कोण? मासोळ्या घरी नेऊन आम्हीच खाल्ल्या.

थोड्या दिवसानं ग्रामसभा होती. दवाखान्याची सिस्टर आल्ती, ती सांगून राह्यली का छातीत गाठ लागली, तोंडात पांढरा चट्टा दिसला, अंगावरून जास्त गेलं, तं लवकर या. बाया खाली माना घालून बसल्या. सिस्टर म्हणे, कोणाले काही विचाराचं आहे का? अन् मले काय झालं मालूम नाई, मी उठली अन् पदर खाली केला. डोक्यावर बोटाएवढे केस, सगळ्यायनं पाह्यले. म्या म्हटलं, पाहा, मले कॅन्सर झाला होता, अन् मी जिती आहे. पारबताबाईलेबी झाला होता, तिनं सांगितलं नाई, ती गेली. मागून एक म्हातारा बोल्ला, हे काय चारचौघात बोलाचं असते का? बाईमाणसाच्या गोष्टी. म्या म्हटलं, भाऊ, पारबता मेली तेवा चारचौघायनंच खांदा देल्ला ना? मंग तिच्याबद्दल बोलाले चारचौघात काऊन लाजता?

अन् आमचे हे, जे कधी बोलत नाई, ते उठून माह्या बाजूले येऊन उभे राह्यले. मंग सभा संपेलोक तसेच उभे राह्यले.

तेवापासून सांदवाड्यायचे दार उघडले. मावशी, मासोळ्या आणल्या का, म्हणून बोलावत अन् मासोळीले हातच नाई लावत, न्हाणीत नेऊन म्हणत, हे पाहून दे ना. मी म्हणो, बाई, मी डॉक्टर नाई, मी फकत संगं येऊ शकते. तं त्या म्हणत, तालुक्याले माणूस डॉक्टर आहे, त्याले कशी दाखवू? खरी गोष्ट होती ती. मंग आम्ही अकरा जणी तालुक्याच्या दवाखान्यात गेलो, म्हटलं, बायांच्या तपासणीले लेडी डॉक्टर पाठवा. साहेब म्हणे, अर्ज द्या. देल्ला. दुसऱ्या डावा गेलो तं म्हणे, वर पाठवला आहे. तिसऱ्या डावा आम्ही मासोळ्यांच्या पाट्या घेऊनच गेलो अन् त्याच्या खोलीपुढं व्हरांड्यात बसलो. उन्हाळ्याचे दिवस, घंटाभरात साहेब नाकाले रुमाल लावून बाहेर. म्हणे, बाई, हे टोपले बाहेर ठेवा. म्या म्हटलं, साहेब, तारीख द्या, टोपले उचलतो. तारीख भेटली! अजूनबी आम्ही ते आठवून हसतो.

शाळेच्या खोलीत तपासणी झाली. आम्हीच घरचे लुगडे बांधून आडोसा केला. बाया आल्या, बैलबंडीत बसून आल्या, दुसऱ्या गावच्या पायी आल्या. लीलाबाई आली नाई.

आठ दिवसानं तलावाच्या पाळीवर आली. म्हणे, पावभर झिंगे दे. म्या तोलून देल्ले. तरी जाईना. म्या म्हटलं, अजून काय पायजे? तं तिच्या डोळ्यातून पानी. म्हणे, वच्छला, मलेबी आहे, सहा महिने झाले. खोटं काऊन बोलू, ताई, पैले मले रागच आला. मनात आलं, आज नोको म्हणे ना, आता काऊन आली? पण तिनं माह्याकडे पाठ नाई केली, समोर उभी राहून सांगितलं. म्या म्हटलं, सकाळच्या गाडीनं जाऊ, दोन लुगडे घेजो. ती म्हणे, तू येशीन? म्या म्हटलं, मंग एकटी जाशीन का?

रस्ताभर तिनं माहा हात सोडला नाई. तिले कॅन्सरच निंगाला, माह्याहून जरा पुढचा होता, वर्षभर लागलं, मधी दोन डाव तं म्हणे मले मरू दे पण हे किमो नोको. म्या तिच्या पलंगाजवळ बसून धान कापणीच्या गोष्टी करो. आता चांगली आहे. मागच्या हंगामात वावरात उभी राहून मजुरायवर वरडत होती, तो आवाज ऐकून मले एवढं बरं वाटलं.

सगळ्याच वाचतात असं नाई. धानोऱ्याकडची एक लेकुरवाळी होती, उशिरा आली, तिच्याजवळ शेवटलोक बसली मी, पण नाई राह्यली. घरी येऊन दोन दिवस जेवली नाई मी. मलेबी तपासणीले जा लागते, जायच्या आदल्या दिवशी भेव वाटते, अजूनबी. पण कागद चांगला येते. देवाची दया आहे.

आता तं मासोळ्या कमी अन् हेच जास्त. नागपूरच्या दवाखान्यातली कोणती खिडकी, कोणता जिना, कुठी रांग लागते, कुठी थंडं पानी भेटते, सगळं पाठ झालं मले. आमचे हे म्हणतात, तू तं तिथलीच झाली. एवढे शबद बोलतात म्हणजे खुश आहेत समजाचं.

काल जिवतीकडून एका बाईचा फोन आला. कोणाकडून नंबर भेटला तिले, देव जाणे. कधी नागपूर पाह्यलं नाई म्हणे, माणूस कामावर गेला आहे, एकटीच येऊन राह्यली. परवा सकाळी दवाखान्याच्या फाटकाजवळ उभी राह्यजो, म्या म्हटलं. तं ती म्हणे, मावशी, तिथी एवढे लोक असतात, मी तुम्हाले ओळखू कशी? म्या म्हटलं, तू नोको ओळखू, मी तुले ओळखीन. भेवून आलेली बाई दुरूनच समजते मले.

तिचं भलं होवो. तुमचंबी होवो, ताई. या आता, ताट मांडते, गरम गरम रस्सा आहे.