उणे दोन

मुलगी : फाइल बाबांचीच होती, आई. हाताच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी याच कीबोर्डवर वाजवून ठेवलेली. मी ती पेनड्राइव्हवर घेतली आणि तालमीच्या हॉलमधल्या कीबोर्डला लावली, बस्स.

आई : आणि पहिल्याच अंतऱ्यात माझा आवाज चिरकला. अख्ख्या ऑर्केस्ट्रासमोर! ती नवी गायिका तोंडावर रुमाल धरून हसत होती.

बाबा : हॉलच्या कीबोर्डमध्येच बिघाड असेल.

आई : माझ्याकडे बघून बोला. प्लास्टर हाताला आहे, मानेला नाही.

मुलगी : बिघाड नाही, बाबा. या फाइलमध्ये आवाज साठतच नाही. कुठलं बोट कुठे पडलं, केव्हा आणि किती जोरात, एवढंच. तुम्ही काळी चारच्या पट्टीत वाजवलंत, तिथेही काळी चारच वाजली.

आई : मग मी कायम काळी चारमध्येच गाते की! यांची बोटं बघून सा धरते.

मुलगी : बाबा, कीबोर्डच्या स्क्रीनच्या कोपऱ्यावर हा गाण्यांच्या यादीचा कागद कशाला चिकटवलाय?

बाबा : राहू दे तो. काढू नकोस.

मुलगी : खाली आकडा आहे. उणे दोन.

आई : म्हणजे काय?

मुलगी : बटण दाबून पट्टी दोन पायऱ्या खाली उतरवलीय. बोटं काळी चारवर, ऐकू येते काळी तीन. फाइलमध्ये बोटं गेली, बटण इथेच राहिलं.

आई : कधीपासून हो?

बाबा : तुझा घसा महिनाभर बसला होता ना, तेव्हापासून.

आई : सहा वर्षं!

बाबा : लोक टाळ्या वाजवत होते, तू खूश होतीस. कुणाचं काय बिघडलं?

आई : मी जगाला सांगत सुटले, वय झालं पण पट्टी सोडली नाही. त्या नव्या पोरीला चारचौघांत टोमणा मारला, की तू उतरलीस, मी नाही. आणि तुम्ही शेजारी बसून मान डोलवत होतात!

बाबा : तुला जपत होतो गं.

आई : जपायला मी काय लोणच्याची बरणी आहे? फडकं बांधून फळीवर ठेवलंत मला.

बाबा : उद्या कार्यक्रम आहे. फाइल दोन पायऱ्या उतरवली की झालं. कुणाला कळायचं नाही.

आई : मला कळेल! ए, ते बटण शून्यावर आण आणि लाव गाणं.

बाबा : अगं, आवाज फुटेल.

आई : फुटला तर माझा फुटेल. लाव!

(आई गाते. अंतऱ्याच्या वरच्या सुरावर आवाज फाटतो. ती तरीही गाणं शेवटापर्यंत नेते.)

आई : हं. नाही लागला.

बाबा : मी तेच म्हणत होतो...

आई : म्हणत नव्हतात. तोच तर सगळा घोळ आहे.

मुलगी : मग दोन उतरवू, आई?

आई : एकच. मधली, पांढरी पाच.

मुलगी : तिथे तरी जमेल?

आई : उद्या सकाळपासून गाणं घासते. नाहीच जमलं तर स्टेजवर सांगेन, मंडळी, वय झालंय, आणखी एक उतरते. माझ्या तोंडानं सांगेन. त्या पोरीलाही.

बाबा : आणि मी काय करू?

आई : माझा चष्मा द्या. आणि ते बटण कुठलं, ते दाखवा.