हिरव्याचा पगार, पांढऱ्याचं काम

माझ्या आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष डॉक्टर अमेवू, आपल्या अग्लाकोपे गावचे प्रमुख तोग्बुई आद्झाली, प्रांताच्या आरोग्य कचेरीतून एवढा खड्ड्यांचा रस्ता काढत आलेले साहेब, पास्टर महोदय, समोर बसलेल्या माझ्या सर्व सिस्टर्स आणि ब्रदर्स, आणि पंख्याखालची खुर्ची सकाळपासूनच अडवून बसलेले माझे याओमामा, तुम्हा सगळ्यांना झिग्बोडी आहियाब्लेचा आदरपूर्वक नमस्कार.

मघापासून माझ्याविषयी फार गोड बोललं गेलं. मी त्यागमूर्ती झाले, माउली झाले, पास्टरांनी तर मला देवदूतच करून टाकलं. ऐकताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण घरी जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते. मी त्याग वगैरे काही केलेला नाही. मी पदवी घेतली ती पगार वाढावा म्हणून. देवदूताला घरभाडं नसतं, पोरांच्या शाळेची फी नसते. म्हणून तर नर्सला देवदूत म्हणणं सगळ्यांना इतकं परवडतं!

हसा, हसा. पण आज दारातच दोघीतिघी आयांनी मला गाठलं. ‘सिस्टर, पोरीला नर्सिंगच्या पदवीला घालू का? घातलेला पैसा निघतो का?’ आता या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणून कसं भागेल? माझं काय झालं ते सांगते.

मी या इस्पितळात लागले ती सर्टिफिकेटवाली नर्स म्हणून. आमचा गणवेश हिरवा, पदवीवाल्यांचा पांढरा. हिरव्यानं ताप बघायचा, चादरी बदलायच्या, शौचाची भांडी द्यायची. पांढऱ्यानं वॉर्ड चालवायचा. मी अडतिशीला टेकले तेव्हा मला विद्यापीठात जागा मिळाली. रजा मिळाली, पण बिनपगारी. फी, खोली, पुस्तकं, हे सगळं आणायचं कुठून? माझ्याकडे होते आईच्या वाट्याचे कांद्याचे वाफे. खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूतले, आमच्याकडे सोन्याच्या भावानं मोजतात ते.

ते गहाण टाकायचे म्हणून मी आणि माझा नवरा कोमला, दोघं याओमामांच्या अंगणात गेलो. मामा मक्याच्या उकडीचं अक्प्ले आणि भेंडीचं कालवण खात होते. हात ताटातच ठेवून म्हणाले, “पोरी, कांदा जमिनीत घातला की तीन महिन्यांत एकाचे दहा होऊन वर येतात. तू तीन वर्षं डोकं पुस्तकात घालणार. एकाची किती होऊन वर येणार आहेस?”

मी म्हटलं, “मामा, पगार दुप्पट होईल.”

“कोण देणार?”

“सरकार.”

मामा इतके हसले की ठसका लागला. मामी पाणी घेऊन धावल्या. मग कोमला, जो मिनीबसच्या धंद्यात राहून एरवी फक्त थांब्यांची नावं घ्यायचा, तो म्हणाला, “मामा, वाफे तिच्या आईचे आहेत. तिला सल्ला विचारायचा नाहीये, तिला पैसे हवेत.”

मामांनी पैसे दिले. वाफे स्वतःकडेच ठेवून घेतले. दर नाताळला त्याच वाफ्यांतली कांद्याची एक माळ माझ्या दारावर अडकवून जातात आणि म्हणतात, “घे, तुझ्या पदवीचं व्याज!” ... काय म्हणता, मामा? यंदाही आणणार? आणा, आणा.

तर पदवी झाली. पांढरा गणवेश शिवला. बाळंतिणींचा वॉर्ड माझ्या हाती आला, शिकाऊ मुली माझ्या हाताखाली आल्या, जबाबदारी सगळी आली. आला नाही तो पगार. कचेरीत गेले की एकच उत्तर, “सिस्टर, वरून मंजुरी आलेली नाही. तुम्ही देवाचं काम करता, देव बघेल.” देव बघत असेलही, पण पगारपत्रकावर सही देवाची नसते. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, चौथं उजाडलं. बाजारात मामा भेटले की मुद्दाम मोठ्यानं विचारायचे, “काय गं, सरकारचा कांदा उगवला का?”

माझी मैत्रीण मावुएना पदवीला माझ्याच वर्गात होती. ती इंग्लंडला गेली आणि दोन वर्षांत सगळा खर्च वसूल करून मोकळी झाली. फोनवर म्हणायची, “अगं वेडे, इथे याच कागदाचे चौपट देतात. निघ तिथून!” मीही तिकडची परीक्षा दिली. पासही झाले. मग गेले का नाही? मघाशी कुणीतरी म्हणालं, गावावरच्या मायेनं. माया आहेच. पण खरं कारण म्हणजे राग. वाफे इथले गेले, काम इथे करून घेतलं, आणि वसुलीला मी समुद्र ओलांडायचा? का म्हणून? ज्यांनी माझे पैसे अडकवले त्यांच्याकडूनच ते घेणार, असं मी ठरवलं.

आणि एका सोमवारी ट्रंकेतून जुना हिरवा गणवेश काढला. कमरेत घट्ट झाला होता, शिवण उसवून घातला. वॉर्डात आले तशा शिकाऊ मुली बघतच राहिल्या. मी तापमापक घेतला आणि चादरी मोजायला लागले. डॉक्टर अमेवू राऊंडला आले. आठवतंय ना, डॉक्टर? तुमचा आवाज पार फाटकापर्यंत गेला होता.

“सिस्टर, हा काय तमाशा आहे?”

“तमाशा नाही, डॉक्टर. तुम्ही पगार हिरव्याचा देता, म्हणून आज हिरवी कामाला आलीय.”

“आणि वॉर्ड कोण चालवणार?”

“ज्या पांढरीला पांढऱ्याचा पगार मिळतो तिला बोलवा.”

तशी एकही नव्हती. दोन दिवस डॉक्टरांनी स्वतः वॉर्ड सांभाळला. तिसऱ्या दिवशी ते शस्त्रक्रियेत अडकलेले असताना एका बाईला बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला. मासे धुरावर सुकवून विकणारी बाई, आज इथेच बसली आहे, नाव सांगत नाही. शिकाऊ मुलगी नुसती माझ्याकडे बघत होती. मैत्रिणींनो, त्या क्षणी मी कपड्याचा रंग बघितला नाही. तिचं पोट दाबून चोळलं, दोन्ही हातांना सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, रक्त मागवलं. बाई वाचली. पण बाहेर येऊन भिंतीला टेकले तेव्हा मला रडू फुटलं. ते काही समाधानाचं नव्हतं. मला कळून चुकलं होतं की हे लोक नेमकं याच्याच जिवावर बसलेत. ही हात आखडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

त्याच दिवशी प्रांताचे साहेब पाहणीला आले होते. हे नव्हेत, आधीचे. बैठकीच्या खोलीत खिमा भरलेले मीट-पाय आणि थंड पेयं चालली होती. मी तशीच आत गेले. हिरव्या कपड्यावर छातीपासून गुडघ्यापर्यंत रक्त. साहेबांनी हातातलं खाणं खाली ठेवलं.

“सिस्टर, आधी कपडे बदलून या.”

“कोणते घालू, साहेब? तेच विचारायला आलेय.”

साहेब सावरून म्हणाले, “तुमची नेमणूक हिरव्याची. तुम्ही त्या बाईला हात लावायलाच नको होता. हा शिस्तभंग आहे.”

“मग तसं लिहून द्या,” मी म्हटलं. “हिला येत होतं, पण आम्ही हिला पगार देत नव्हतो, म्हणून बाई मरायला हवी होती, असं लिहा. मी ते फाटकावर लावते.”

नोकरी गेली तर वाफेही नव्हते मागे, बरं का. तेवढ्यात शस्त्रक्रिया उरकून तिथे येऊन बसलेले डॉक्टर अमेवू उठले. दोन दिवस माझ्याशी एक शब्द न बोललेला माणूस. म्हणाले, “साहेब, मी दोन दिवस हिचं काम करून बघितलंय. माझ्याच्यानं होत नाही. हिचे पैसे द्या.”

डॉक्टर, त्याबद्दल आज जाहीर आभार. आरडाओरड्याबद्दल नाही.

पुढे काय झालं? आधी मला नोटीस आली. पाच महिन्यांनी पांढऱ्याचा पगार आला. मागची थकबाकी आली नाही, ती आजही नाही. गेल्या महिन्यात मामांच्या अंगणात बसून आम्ही दोघांनी सगळी बेरीज केली. वाफे ठेवले असते तर आज माझ्याकडे जास्त पैसे असते. टाळ्या वाजवू नका, मामा, सगळे बघताहेत. हो, तुमचा हिशेब बरोबर निघाला. पण तो तोटा पदवीच्या नावावर का मांडता? माझी पदवी महाग नव्हती. ती स्वस्तात वापरली गेली. तोटा ज्यांनी केला त्यांच्याच नावावर मांडा.

आणि त्या आयांना सांगते, पोरीला घाला. फीबरोबर भांडणाचाही खर्च धरा आणि तिला एकटीला भांडायला लावू नका. या सभागृहात पांढऱ्या गणवेशातल्या चौघी आहेत, ज्यांना अजून हिरव्याचा पगार मिळतो. साहेब, त्यांची नावं विचारायला लाजू नका. पोरींनो, उभ्या राहा. नीट उभ्या राहा. साहेबांना चेहरे दिसू देत.

अध्यक्ष महोदयांनी मघाशी मोठ्या मनानं सुचवलं की निवृत्तीनंतरही मी आठवड्यातून तीन दिवस यावं, सेवा म्हणून. येते, डॉक्टर. पूर्ण दरानं येते.

तोग्बुईंचे, पास्टरांचे, स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि मला ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाच्या मानाला धक्का लागला असेल तर मोठ्या मनानं माफ करा. हिशेबात काही चुकलं असेल तर मात्र माफ करू नका. उद्या कागद घेऊन माझ्या घरी या, बसून तपासू.