नऊ गोलांची कमान

(१९६३. उंद्रीच्या शाळेचं मैदान. सरपंच रंगराव मधोमध टेबल टाकून नव्या कमानीचा मजकूर लिहीत आहेत. समोर जुने गोलकीपर तुळशीराम आणि त्यांची बायको पुष्पाबाई.)

रंगराव : "राष्ट्रीय हॉकी स्पर्धा," इथवर लिवलं. खेळले कोन्या प्रांताकून, तुळशीरामभाऊ?

तुळशीराम : मध्यप्रांत-वऱ्हाड.

रंगराव : तो तं मोडला! महाराष्ट्र लिवतो.

तुळशीराम : अहो, तवा महाराष्ट्र होता कुठं?

रंगराव : सभापती फीत कापाले येऊन राह्यले, इतिहासाची परीक्षा घ्याले नाही. गोल किती?

तुळशीराम : नऊ.

रंगराव : अरे बाप्पा! नऊ!

पुष्पाबाई : यायनं नाही केले हो. यायच्यावर झाले.

रंगराव : मंग "एकाच सामन्यात नऊ गोल" लिवू. कोनं कोनावर केले, कोन विचारते?

तुळशीराम : नऊ गेले, पन वीस-बावीस अडवले म्या! पाय सुजून खांब झालते. समोरचा कप्तान येऊन पाठ थोपटून गेला. ते लिवा ना.

रंगराव : हारल्याची कमान बांधते का कोनी? बक्षिसी काय भेटली?

तुळशीराम : हौशी स्पर्धा होती. पैसे घेनाऱ्याले खेळूच देत नव्हते.

रंगराव : म्हंजे फुकटात मार खाल्ला! हे तं बिलकुल कोनाले सांगू नका. घ्या, इथं सही करा.

पुष्पाबाई : सही काऊन?

रंगराव : मैदानाची जमीन यायच्या वडलानं शाळेले देल्ली ना, खेळासाठीच म्हनून. वारसाची हरकत नाही, एवढंच. कमानीच्या आत, मैदानात, कापसाचं गोदाम होऊन राह्यलं.

तुळशीराम : कोनाचं?

रंगराव : माह्या साळ्याचं. पन नाव तुमचंच! तुळशीराम क्रीडा गोदाम.

पुष्पाबाई : अन् पोट्टे कुठं खेळतीन?

रंगराव : आता खेळाचं काय काम, वहिनी? इतिहास तं कमानीवर चढला!

तुळशीराम : खरं सांगू, सरपंच? नाव लिवतानी पाह्यलं, तं मले लय बरं वाटलं. पंचवीस-तीस वर्षांत कोनी विचारलं नव्हतं.

रंगराव : मंग करा ना सही!

तुळशीराम : नाही करत.

रंगराव : बापा! कमान नाही, तं तुमचं नाव गावात राहीन कसं?

तुळशीराम : नका राहू देऊ. पोट्टे आता स्टिका घेऊन येतीन. तुमचा टेबल तेवढा बाजूले घ्या.