दुसऱ्यांदा गेलेलं चाक

पूर्णेच्या काठावरच्या माझ्या गावकऱ्यांनो, मायबहिणींनो,

या शोकसभेला येताना स्टँडवरचा फ्लेक्स तुम्ही सगळ्यांनी पाहिला. वाळूवाल्यांनी लावलाय. आपल्या भास्करचा फोटो, खाली 'अपघाती निधन, भावपूर्ण श्रद्धांजली', आणि भास्करपेक्षा मोठा, हात जोडलेला टिप्परमालक. ज्याच्या गाडीनं माणूस चिरडला, तोच गावाचं सांत्वन करतोय. तुम्ही वाचलं, मीही वाचलं. तेव्हापासून माझ्या तोंडात रक्ताची चव आहे. आज मला गोड बोलता येणार नाही. नीट बोलता येईल की नाही, तेही ठाऊक नाही.

भास्कर माझा शेजारी. आमच्या दोन घरांत भिंत एकच. लहानपणी त्यानं माझा भोवरा विहिरीत फेकला आणि मी त्याच्या दंडाला कडकडून चावले. त्याच्या आईनं दोघांना बडवलं आणि दोघांना एकाच ताटात जेवायला बसवलं. पुढं मी जालन्याला शिकायला गेले, सभांतून बोलू लागले. तो शेतात राहिला. भेटला की म्हणायचा, "आली बघा वकिलीण." वकील मी कधीच नव्हते.

केदारखेड्याच्या बाजारात शेवटची भेट झाली. मी म्हटलं, "भास्कर, जपून राहा रे. ती माणसं बरी न्हाईत."

"मंग काय करू? नदीतली वाळू उपसून उपसून गावची विहीर आटून राह्यली. खड्डे पार माझ्या बांधाला भिडले. तू उभी राह्यली की लोक टाळ्या वाजवतात, मी उभा राह्यलो की ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. बाकी बिलकुल फरक न्हाई."

तो हसला. मला हसता आलं नाही.

मंगळवारी सकाळी, चांगल्या उजेडात, तो टिप्पर अडवायला नदीच्या पात्रात उतरणाऱ्या वाटेवर उभा राहिला. हॉर्न वाजला. तो हलला नाही. गाडी अंगावर आली. ब्रेक लागला नाही, असं ड्रायव्हरनं सांगितलं आणि पोलिसांनी तेच लिहून घेतलं.

ब्रेक लागला नाही? मग गाडी थांबली कशी? थांबली. मागं आली. आणि पुन्हा त्याच्यावरून गेली. पहिल्या धडकेनंतर भास्कर जिवंत होता. हात वर करत होता.

हे मला कोणी सांगितलं? तुमच्यातल्यांनी. त्याच्या बायकोच्या, कमलवहिनींच्या दारात, माझ्या कानाशी लागून. "ताई, आमचं नाव घेऊ नका." नाही घेणार. पण मी त्याला पाहिलंय. छाती सपाट झाली होती. अंघोळ घालायला आलेली माणसं तांब्या हातात धरून नुसती उभी राहिली. पाणी घालायचं कुठं?

तुमची भीती मला कळते. आपलीच पोरं त्या वाळूवर रोजानं जातात. त्या गाड्या आपल्याच गल्लीतून जातात. पण एक ऐका. ज्यांनी दिवसाउजेडी मारलं, त्यांनी आधी तुमच्या तोंडाकडं पाहिलं. ही तोंडं उघडणार नाहीत, अशी त्यांची खात्री झाली. त्या खात्रीवर गाडी मागं घेतली गेली. एकट्याला ते उचलतील. सगळ्या गावाला उचलायला त्यांचे टिप्पर पुरणार नाहीत.

शोकसभेच्या शेवटी सगळे उठतात, डोळे मिटतात. आज सगळ्यांनी उठू नका. डोळेही मिटू नका. चाक दुसऱ्यांदा गेलं ते ज्यांनी पाहिलं, फक्त त्यांनी उभं राहायचं. बाहेर जीप लावलेली आहे. मी बरोबर येते. इथून थेट पोलीस ठाण्यात जायचं आणि जबाब द्यायचा. बाकीच्यांनी आम्ही परत येईपर्यंत कमलवहिनींजवळ बसून राहायचं.

भास्कर, तुला माझा नमस्कार.

ज्यांनी पाहिलं, त्यांनी आता उठा.