तुळशीराम भावजींचा वाकडा चर

बसा, मंडळी, बसा. बायांनो, भिंतीला चिकटून उभ्या राहू नका, पुढं या. एवढी माणसं आपल्या पारावर जत्रंलाच जमतात. कुणी नळदुर्गाहून आलं, कुणी पार धाराशिवाहून. गाडीत बसून हाडं खिळखिळी करून घेतलीत, ते आमच्या घरच्या माणसासाठी. तुमच्या पाया पडते.

मास्तर म्हणाले, "आजी, दोन शब्द बोला." अहो मास्तर, मला दोन शब्दांत शेजारणीकडं मीठ मागता येत न्हाय! तुळशीराम भावजी गेले. माझ्या मालकांचे धाकटे भाऊ. जन्मभर म्या त्यांना वाढलं, आणि जन्मभर ते म्हणाले, "वैनी, आमटी जरा अळणीच हाय." पण खरं सांगू? त्यांचं नाव काढलं की रडायच्या आधी मला हसूच येतं. राग धरू नका.

तरणे होते तवा ते सोलापूरला पळाले आणि इंग्रजाच्या पलटणीत भरती झाले. पहिल्या मोठ्या लढाईत बोटीनं फ्रान्सात गेले. गावाला वाटलं, आता हे घोड्यावर बसून येणार. आले ते पायी, लंगडत. चिखलात उभं राहून पायाची दोन बोटं सडून गेलेली. पाटलांनी विचारलं, "काय तुळशीराम, तलवार किती चालवलीस?"

भावजी म्हणाले, "तलवार न्हाय पाटील. फावडं चालवलं."

झालं! गाव हसलं. तवापासून त्यांचं नाव पडलं बिळातला शिपाई. पाटील, मान खाली घालू नका, तुमीच ठेवलं होतं ते नाव.

मला मात्र ते चुलीपाशी बसून सांगायचे. म्हणायचे, "वैनी, मशीनगन म्हणून एक बंदूक असती. चालवणारा एक, आणि समोरनं येणारी अख्खी पलटण ज्वारी कापल्यावाणी आडवी. शूर बी आडवा, भित्रा बी आडवा. ती कुणाला निवडत न्हाय." म्हणून माणसं जमिनीत शिरली. मैलोन् मैल चर खणले, पुढं काटेरी तार लावली. "भाल्याच्या काळात उंचावर उभा असंल तो जिंकायचा," म्हणायचे, "आता जो उंच दिसला तो गेला." मला शाळा ठावी न्हाय. पण एवढं कळलं. ससाण्याखालची कोंबडी झाडावर चढत न्हाय, पाटीखाली शिरती.

मग निजामाच्या राज्याचं शेवटचं साल आलं. तुमी सगळ्यांनी ते पाहिलंय. गावागावावर धाडी पडायच्या. धाडीवाले मोटारीतनं यायचे, हातात रायफली. आपल्याकडं काय? कुऱ्हाडी, गोफणी आणि ठासणीच्या दोन बंदुका. एक चांदसाब शिकाऱ्याची, एक पाटलांची. ठासणीत दारू भरून गज मारूस्तवर रायफलवाला दहा गोळ्या घालतो.

याच पारावर बैठक बसली. पाटील म्हणाले, बुरूज नीट करा, वर माणूस उभा करा, शिंग फुंका, तलवारी दाखवा. आणि वर कोण उभं राहणार? माझा भिमा उठला! माझा एकुलता एक. घरात सून पोटुशी. म्हणाला, "मी उभा राहतो." सगळ्यांनी शाबास केलं. म्या मागनं त्याचा सदरा ओढला.

तेवढ्यात भावजी उठले. "बुरजावर कुणी चढायचं न्हाय. गावात येणाऱ्या पांदीच्या तोंडाला चर खणा. पुढं काटेरी तार न्हाय आपल्याकडं, तर बोराटीच्या काटेरी फांद्या टाका. आणि चर वाकडा पाहिजे. दर सात पावलांवर वळण."

भिमा म्हणाला, "काका, मी बिळात बसणार न्हाय. लोक काय म्हणतील?"

भावजी म्हणाले, "लोक म्हणतील, भिमा अजून हाय."

पण माणसं चर खणायला लागली. मनातनं न्हाय, पाटलांनी "करा काय ते" म्हटलं म्हणून. एक दिवस भावजी नळदुर्गाच्या बाजाराला गेले, आणि आपल्या शहाण्या गड्यांनी काय करावं? त्यो चर सरळ केला! दोरी धरून, ओळंबा लावल्यावाणी सरळ. भावजी आले आणि कपाळाला हात लावून बसले. गडी म्हणाले, "काका, आमच्या गावात नांगराचं तास कधी वाकडं गेलं न्हाय. पाहुणे नांगरट बघून पोरगी देतात. असला वाकडा चर बघून काय म्हणतील?"

भावजी रागावले न्हाईत. मला म्हणाले, "वैनी, सड्याचा शेणकाला हाय का?"

"हाय की, बादलीभर."

त्यांनी सरळ चरात सहा जण ओळीनं बसवले. पहिले पाटील. मला एका टोकाला उभं केलं. म्हणाले, "टाका."

मंडळी, काय सांगू! उभ्या जन्मात कुणाला पाटलाच्या तोंडावर शेण मारायला सांगितलंय? आणि ते बी सगळ्या गावासमोर? म्या पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि मारली बादली! पहिल्यापासनं सहाव्यापर्यंत सगळे हिरवे. सहाव्याच्या मिशीला शेण. बाया हसून हसून खाली बसल्या.

भावजी म्हणाले, "एकच माणूस असा टोकाला आला की सहा गेले. फ्रान्सात असंच झालं होतं, तवा आमी वळणं घेतली." मग एक वळण खणून घेतलं, बादली परत भरायला लावली आणि म्हणाले, "टाका." आता भिजले ते फक्त पाटील. पाटील म्हणाले, "तुळशीराम, पुरं कर, कळलं." चार दिवसांत अख्खा चर वाकडा झाला.

तरी भिमा ऐकंना. म्हणे, चरात बाकीचे बसा, बुरजावर मी. भावजींनी त्याला हात जोडले न्हाईत, रागावले न्हाईत. पैज लावली. "पहिला मान पाटलांच्या फेट्याला. काठीवर घालून बुरजावर ठेवतो. फेटा वाचला तर दुसऱ्या बारीला तू चढ."

पाटील फेटा देईनात. म्या म्हटलं, "पाटील, फेटा द्या, न्हायतर डोकं द्या." दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोटार आली. पांदीच्या पलीकडं थांबली. आमी बाया मारुतीच्या देवळामागं, तोंडाला पदर लावून. रायफली वाजल्या आणि सगळ्या गोळ्या बुरजाकडं! खालचं त्यांना काही दिसतच न्हाय. मग ते चालत पुढं आले आणि बोराटीत अडकले. चांदसाबनं एका वळणातनं बार काढला, दुसऱ्या वळणातनं दुसरी बंदूक. मग दोघं वाकून पळाले आणि भलत्याच वळणांतनं बार काढले. धाडीवाल्यांना वाटलं, जमिनीतनं वीस बंदुका उगवल्यात! धोतरं बोराटीला ठेवून पळाले मोटारीकडं. दिवसभर पोरं ती धोतरं काठीवर नाचवत होती.

आपल्या गावातल्या एकीची बी बांगडी फुटली न्हाय. एकीची बी न्हाय!

मग भिमा बुरजावर चढला आणि फेटा घेऊन खाली आला. फेट्याला तीन भोकं. त्यानं त्या भोकातनं बोट घातलं. भावजींच्या पायाशी जाऊन बसला. म्या तिथंच त्या दोघांवरनं मीठमोहऱ्या उतरवल्या.

त्या संध्याकाळी भावजी मला म्हणाले, "वैनी, फ्रान्सात आमी कोवळी पोरं मातीत ठेवली. त्यांचे म्हातारे घरी वाट बघत होते. पाळीच उलटी झाली होती सगळी. मला लढाई जिंकायची न्हवती. मला भिमानं न्यावं, मी भिमाला नेऊ नये, एवढंच पाहिजे होतं."

मंडळी, म्हणून मला आज रडू कमी येतंय. भावजींना पोटी लेकरू न्हवतं. पण भिमानं खांदा दिला, भिमानं अग्नी दिला. तिरडी निघताना भिमाची पोरगी दारात आईच्या कडेवर होती, दोन दात दाखवत हसत होती. कुणीतरी तिला गप्प करायला गेलं. म्या म्हटलं, हसू द्या. याच्यासाठीच तर केलं त्यांनी सगळं.

आता मास्तर सांगतात तसं, थोडा वेळ सगळे गप्प राहू. म्या बी राहते, बघा जमतंय का. त्याच्या आधी एवढंच बोलते.

भावजी, पाठ टेका आता. पहाऱ्याला आमी हाओत.